दारातली रांगोळी आणि आतला कापसाचा बर्फ

गेल्या नाताळच्या सकाळी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दारात पाच-सहा मुलींनी रांगोळी काढली होती. ठिपक्यांची, मधोमध बेथलेहेमचा तारा, कडेने पणत्या. आमची मंडळी ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला आहे. नगर जिल्ह्यातून, जालन्याकडून कारखान्यांतल्या कामासाठी आलेल्या कुटुंबांनी ती उभी केली. उपासनेला अर्धा तास असताना पंचांपैकी एक काका ओलं फडकं घेऊन आले आणि त्यांनी ती रांगोळी पुसली. "देवाच्या घराच्या दारात ही रीत नको," एवढंच ते म्हणाले. मुली रडल्या. आत वेदीशेजारी प्लॅस्टिकचं सूचिपर्णी झाड उभं होतं आणि त्याच्या फांद्यांवर कापसाचा बर्फ होता. तो कापूस आदल्या रात्री मीच पिंजून लावला होता. त्याला कुणी हात लावला नाही, आणि लावायला हवा असं त्या दिवशी माझ्याही मनात आलं नाही.

पुढचे दोन आठवडे मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटात वाद पेटला. एका बाजूने वचनांमागून वचनं आली: जगावर प्रीती करू नका, त्यांच्यातून निघा, वेगळे व्हा. दुसऱ्या बाजूला तरुण संघातली मुलं होती. रांगोळी काय आणि जुनी गीतं काय, सगळंच मागे पडलंय, वाशीच्या इंग्रजी मंडळीत जाऊन बघा, तिथे तरुणांना उभं राहायला जागा नसते, असं त्यांचं म्हणणं. तिसरी बाजू म्हणत होती, आपण मराठी आहोत, रांगोळी आपली संस्कृती आहे, शेजाऱ्यांना आपण परके वाटायला नको. तिन्ही बाजूंना मनापासून काहीतरी म्हणायचं होतं. पण तिघीही एकाच प्रश्नाभोवती फिरत होत्या, आणि तो प्रश्नच चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. ही गोष्ट आली कुठून, हा तो प्रश्न. हिंदूंकडून आली म्हणून नको, आजच्या काळातून आली म्हणून हवी, आपल्या मातीतून आली म्हणून हवी. ख्रिस्ताच्या शिष्याने कुठल्याही चालीरीतीला विचारायचं ते वेगळंच आहे: तू माणसाचं काय करतेस? तुझ्यामुळे दुबळा उभा राहतो की दाराबाहेर जातो? ऐकणाऱ्याला ख्रिस्त कळतो की तो नुसता दिपून जातो?

हे मी मंडळीच्या आतून लिहिते आहे. सुवार्तावादी, म्हणजे इव्हँजेलिकल म्हणवून घ्यायला मला संकोच वाटत नाही. डेव्हिड बेबिंग्टन या इतिहासकाराने १९८९ मध्ये या परंपरेच्या चार खुणा सांगितल्या: पवित्र शास्त्राचा अधिकार, वधस्तंभ हा केंद्रबिंदू, माणसाचं अंतःकरण पालटलंच पाहिजे हा आग्रह, आणि विश्वास कृतीत उतरवण्याची धडपड. त्या चारही मला मान्य आहेत. शास्त्र सैल करा, सगळे मार्ग सारखेच आहेत, असं मला म्हणायचं नाही. उलट शास्त्र गंभीरपणे घेतलं तर हा वाद असा चालूच शकत नाही, एवढं मला दाखवायचं आहे.

उगमाची कसोटी लावायचीच असेल तर आधी ती आपल्या झाडाला लावू. सजवलेलं नाताळचं झाड ही जर्मनीतली रीत. इंग्लंडच्या घराघरांत ते पोचलं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, राणी व्हिक्टोरियाचा जर्मन नवरा आल्यानंतर. येशूचे प्रेषित पेत्र आणि पौल यांनी ते कधी पाहिलं नाही. आणि नाताळ? नगरला शाळा आणि दवाखाने काढणारी, आमच्या आजोबा-पणजोबांना बाप्तिस्मा देणारी अमेरिकन मराठी मिशन ही न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांची. त्यांचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्याच प्युरिटन, म्हणजे कडक शुद्धतावादी प्रोटेस्टंट, पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली कायदा केला होता: नाताळ साजरा करताना सापडेल त्याला पाच शिलिंग दंड. कारण काय, तर नाताळाला शास्त्रात आधार नाही आणि ही रीत मूर्तिपूजकांकडून आलेली आहे. बावीस वर्षं तो कायदा टिकला. आज रांगोळीविरुद्ध जे बोललं गेलं ते सगळं त्या धर्मशील माणसांनी आपल्या संपूर्ण नाताळविरुद्ध म्हटलेलं आहे. मग कुणाचं ऐकायचं? पणजोबांच्या गुरूंच्या पूर्वजांचं, की पणजोबांच्या गुरूंचं?

ठाण्यात राहणाऱ्याने तर 'मूळ ख्रिस्ती रीत' हा शब्द जपून वापरायला हवा. पोर्तुगीज येण्याच्या दोनशे वर्षं आधी, १३२१ मध्ये, चार फ्रान्सिस्कन साधू याच ठाण्यात मारले गेले. ऑडोरिक नावाचा त्यांचा धर्मबंधू पुढे इथे आला, त्याने त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि हकीकत लिहून ठेवली. ते साधू उतरले होते इथल्याच एका ख्रिस्ती घरात. अशी पंधराएक घरं गावात होती, नेस्टोरियन म्हणजे पूर्वेकडच्या, सिरियाक भाषेत उपासना करणाऱ्या मंडळीची. म्हणजे या गावात प्रभूचं नाव घेतलं जात होतं तेव्हा इथे ऑर्गन नव्हता, झाड नव्हतं, इंग्रजी नव्हती, मराठी बायबलही नव्हतं. त्या पंधरा घरांना आमच्या मंडळीत आणून बसवलं तर आमच्या उपासनेतलं काय त्यांना ओळखीचं वाटेल? प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला, प्रभूची प्रार्थना, स्तोत्रं. बाकी सगळं कुठून ना कुठून नंतर आलेलं आहे.

शब्दांचंही तेच. आपण 'रविवारी' जमतो, तो सूर्याचा वार. 'देव' हा शब्द ख्रिस्ती जन्मला नव्हता. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये देवासाठी जो शब्द आहे तोच लोक ग्रीकांच्या देवराजाला, झ्यूसलाही लावत होते. आणि अथेन्समध्ये अरीयपग नावाच्या टेकडीवर उभं राहून पौलाने 'आपण त्याच्याच वंशाचे आहोत' ही ओळ म्हटली, ती अरातस या ग्रीक कवीची. मूळ कवितेत ती झ्यूसविषयी आहे. पौलाला हे ठाऊक नव्हतं? पुरतं ठाऊक होतं. गावभर मूर्ती पाहून त्याचा जीव तळमळला होता, असं त्याच अध्यायात लिहिलेलं आहे. तळमळ खरी होती, आणि तरीही त्या लोकांना कळेल अशी ओळ त्याने त्यांच्याच कवीकडून घेतली. या दोन गोष्टी एका माणसात एकत्र राहू शकतात, हे आमच्या गटातल्या कुणालाच सुचत नव्हतं.

पेटीची गोष्ट मला फार आवडते. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये हार्मोनियम घडली. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर ती आपल्याकडे आली, इथल्या कारागिरांनी तिला जमिनीवर बसून एका हाताने भाता हलवण्याजोगी केली, आणि आज पेटीशिवाय भजन उभं राहत नाही. शुद्धतेचा आग्रह तिच्याही वाट्याला आला. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी केली, कारण ती परकी, तिच्यातून आपल्या श्रुती निघत नाहीत. एवढ्या काळात गावोगावच्या देवळांतून ती वाजतच राहिली, आणि वारकऱ्याला ती प्रार्थनामंदिरातून आली याची कधी अडचण वाटली नाही. मग आपल्यालाच मृदंगाची का वाटावी? एकोणिसाव्या शतकात नगरच्याच ख्रिस्ती गायकांनी येशूचं कीर्तन उभं केलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये, आणि त्यानंतर त्यांनी मराठी मंडळीला अभंग दिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. त्यांची गीतं 'उपासना संगीत' या आमच्या गीतसंग्रहात आहेत. रांगोळी पुसणारे काका दर रविवारी ती डोळे मिटून म्हणतात.

आता विरोधी बाजूचं म्हणणं, आणि ते हलकं नाही. सगळंच चालतं असं पौल म्हणत नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात तो स्पष्ट सांगतो की प्रभूच्या मेजाचे आणि भुतांच्या मेजाचे भागीदार एकाच वेळी होता येत नाही. देवळात बसून नैवेद्याच्या पंगतीत जेवणं त्याला मान्य नाही. सीमा आहे, आणि ती पुसली तर उरतो तो एक गोड, निरुपद्रवी सद्भाव, ज्यासाठी कुणी वधस्तंभावर जाणार नाही. ज्यांनी घरच्यांचा विरोध सोसून विश्वास धरला, त्यांनी सोडलेल्या गोष्टी त्यांच्या मुलांनी हौसेखातर उचलाव्यात, हे त्यांना टोचणारच. मला हे मान्य आहे.

पण त्याच पत्राच्या त्याच अध्यायात पौल पुढे काय म्हणतो? बाजारात जे मांस विकतं ते विवेकापोटी चौकशी न करता खा, कारण पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं प्रभूचं आहे. करिंथच्या बाजारातलं मांस बऱ्याचदा देवळातल्या बळीचं असे, म्हणजे उगम संशयास्पद होता, आणि पौल म्हणतो चौकशी करू नका. मग कुठे थांबायचं? शेजारी बसलेला कुणी म्हणाला की हे नैवेद्याचं आहे आणि त्याचा विवेक दुखावत असेल, तर त्याच्यासाठी थांबा. मांस तेच आहे. समोरचा माणूस बदलला म्हणून पौलाचं उत्तर बदललं. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायातही हेच दिसतं. परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर, सुंतेचं ओझं लादायचं नाही हा मोठा निर्णय यरुशलेमेत झाला, आणि त्याबरोबर त्यांना रक्त, गळा दाबून मारलेलं मांस वगैरे टाळायला सांगितलं. का? तर यहूदी बंधू त्यांच्याबरोबर एका पंगतीला बसू शकावेत म्हणून. ज्यांना वचनांनीच लढायचं आहे त्यांनी ही वचनंही पुढे ठेवायला हवी होती.

तरुणांच्या बाजूकडे वळते. माझी मुलगी ठाण्याहून ट्रान्सहार्बरच्या गाडीने दर रविवारी वाशीला जाते. तीन-चारदा मीही तिच्याबरोबर गेले. व्यापारी इमारतीतला मोठा हॉल, दिवे मंद, समोर पडदे, गिटार, ड्रम. मला तिथे जे चांगलं दिसलं ते आधी सांगते, कारण आमच्या मंडळीत ते कुणी सांगत नाही. मिझोरमची परिचारिका, केरळचा इंजिनिअर, झारखंडहून आलेला सुरक्षारक्षक आणि माझी मुलगी एका रांगेत उभी होती. या चौघांना सामाईक भाषा इंग्रजी किंवा हिंदीच. खारघर, नेरूळ, सीवूड्सच्या नव्या इमारतींत भाड्याने एकटं राहणाऱ्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा कुणीतरी नावाने हाक मारतं, आजारी पडलं तर डबा पोचवतं. आमच्या मंडळीत यांपैकी एकजण चुकून आला असता तर 'मूळचे कुठले?' हा पहिला प्रश्न त्याला ऐकावा लागला असता. गिटार पाश्चात्त्य आहे म्हणून ही सगळी कामगिरी मी बाद करू?

आणि तरीही माझी कसोटी मी तिथेही लावते. गाणी अशा पट्टीत की सामान्य माणसाला ती म्हणता येत नाहीत, म्हणून हॉलमधले बरेच जण फक्त ऐकतात. सगळ्यांची तोंडं मंचाकडे, शेजाऱ्याचा चेहरा अंधारात. प्रवचन कामातल्या यशाविषयी होतं. देव तुला पुढच्या पायरीवर नेणार, असं चाळीस मिनिटं सांगितलं गेलं, आणि त्यात पश्चात्ताप हा शब्द एकदाही आला नाही. ज्या मुलाला त्याच आठवड्यात कंपनीने काढलं असेल त्याने ते ऐकून काय करावं? करिंथच्याच मंडळीला पौलाने लिहिलं की अनोळखी भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द मला मंडळीत बरे. आजच्या काळाशी बोलणं म्हणजे आजच्या बाजारासारखं दिसणं, असा समज करून घेतला तर मंडळी बाजाराशी बोलूच शकत नाही, ती त्याचं एक दुकान होते. १९७४ च्या जुलैत स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे जगभरचे सुवार्तावादी नेते जमले तेव्हा लॅटिन अमेरिकेतल्या रेने पादिया यांनी अमेरिकन लोकांसमोर उभं राहून हेच सुनावलं होतं: तुम्ही सुवार्ता म्हणून जे निर्यात करता त्यात तुमची जीवनशैली मिसळलेली आहे. त्या सभेने मंजूर केलेल्या करारनाम्यात संस्कृतीवर एक वेगळा परिच्छेद आहे. माणूस देवाची निर्मिती आहे म्हणून त्याच्या संस्कृतीत सौंदर्य आणि चांगुलपण आहे. तो पतित आहे म्हणून ती सगळीच पापाने डागाळलेली आहे, काही भाग तर सैतानी आहे, असा त्याचा आशय. मिशनांनी वारंवार सुवार्तेबरोबर परकी संस्कृतीही नेली, आणि मंडळ्या कधीकधी शास्त्राऐवजी संस्कृतीच्याच दास्यात राहिल्या, अशी कबुलीही त्यात आहे. सुवार्तावाद्यांनी पन्नास वर्षांपूर्वी स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं हे आहे. आमच्या वादात त्याचा उल्लेखही झाला नाही.

तिसऱ्या बाजूचं, म्हणजे 'आपण आधी मराठी' म्हणणाऱ्यांचं बोलणं मला सर्वांत जवळचं वाटतं, म्हणून तिथे मी जास्त सावध आहे. फादर स्टीफन्स इंग्लंडातून आले आणि त्यांनी मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. पंथाने ते आमच्यापेक्षा वेगळे, पण या भाषेवरच्या त्यांच्या प्रेमाचं ऋण आम्हा सगळ्यांवर आहे. ऐकणाऱ्याला कळावं म्हणून त्यांनी मराठी घेतली. आपण आज रांगोळी कशासाठी घेतो आहोत? शेजाऱ्यांना आपण परके वाटू नये म्हणून, असं गटात कुणीतरी लिहिलं आणि मी थबकले. यात प्रेम किती आणि भीती किती? आपण इथले आहोत हे आपल्याला दारात पांढऱ्या पुडीने सिद्ध करावं लागत असेल, तर ती रांगोळी आपण कुणाला दाखवायला काढतो आहोत? जर्मनीत १९३० च्या दशकात 'जर्मन ख्रिस्ती' नावाने नाझींना साथ देणारी एक चळवळ उभी राहिली. ख्रिस्ताला आपल्या वंशात, आपल्या राष्ट्रात, आपल्या मातीत रुजवायचं, ही तिची भाषा. ती मंडळीला कुठे घेऊन गेली हे जगाने पाहिलं. तिच्याविरुद्ध १९३४ च्या मे महिन्यात बार्मेन इथे जे जाहीर केलं गेलं त्याचा गाभा एवढाच होता की ज्याचं आपण जगण्यात आणि मरणात ऐकायचं ते देवाचं वचन एकच, येशू ख्रिस्त. त्याच्या बरोबरीला दुसरा आवाज बसवता येणार नाही. रांगोळी काढणाऱ्या मुलींची त्या चळवळीशी तुलना करणं अन्याय होईल, आणि मी ती करत नाही. पण 'आपली संस्कृती' हे शब्द स्वतःहून पवित्र होत नाहीत, एवढं बार्मेनवरून शिकायला हरकत नाही.

आणि आता सर्वांत अवघड मुद्दा, जो गटातल्या शेकडो संदेशांत कुणी मांडलाच नाही. फेब्रुवारीत मी त्या काकांच्या घरी गेले. चहा झाल्यावर विचारलं, काका, खरं सांगा, रांगोळी का पुसलीत? आधी त्यांनी वचन सांगितलं. मग बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, त्यांची आजी गावात वाड्यांची अंगणं झाडायची. पहाटे झाडायचं, आणि घरची बाई रांगोळीचा डबा घेऊन बाहेर यायच्या आत अंगणाबाहेर व्हायचं, सावली पडायला नको म्हणून. "त्या रांगोळीतून सुटलो म्हणून तर आपण इथे आलो," ते म्हणाले. "आता तीच दारात?"

याला काय उत्तर देणार? माझ्या सगळ्या इतिहासाला, पेटीला आणि झाडाला इथे थांबावं लागतं. अरविंद निर्मळ या आपल्या मराठी ईश्वरविज्ञान्याने १९८१ मध्ये बंगळुरूच्या एका व्याख्यानात हेच विचारलं होतं. भारतीय ख्रिस्ती विचार म्हणून ज्याचा गौरव होतो तो उच्चवर्णीय परंपरेशी बोलत राहिला. मंडळीत बहुसंख्येने बसलेल्या माणसाची वेदना त्यात कुठे आहे? दलित ईश्वरविज्ञानाची सुरुवात त्या प्रश्नातून झाली. टिळक ब्राह्मण होते. तुकोबांचा पूल त्यांच्या पायाखाली होता. काकांच्या आजीला त्या पुलावर पाऊल टाकू दिलं होतं का? चोखोबांचे अभंग होते, हे खरं. पण सहाशे वर्षं ते अभंग गाऊनही पंढरपूरचं देऊळ चोखोबांच्या माणसांना उघडलं नाही. त्यासाठी १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.

म्हणून भारतीयीकरण आपोआप चांगलं, असं मी म्हणू शकत नाही. पण काकांच्या युक्तिवादाने माझी कसोटी मोडत नाही, उलट तीच कसोटी काका न सांगता वापरत होते. रांगोळी हिंदूंची म्हणून त्यांनी ती पुसली नव्हती. त्या रांगोळीने त्यांच्या आजीचं काय केलं हे त्यांना ठाऊक होतं, आणि पौलाच्या हिशोबात हे कारण फार वजनदार आहे: ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला तो बंधू. दुर्दैव हे, की खरं कारण बोलायची सोय आमच्या मंडळीत नव्हती. काकांना ते मूर्तिपूजेच्या वचनात गुंडाळावं लागलं, आणि मुलींना वाटलं आपण पाप केलं.

पंडिता रमाबाईंकडे पाहिलं की हे मला नीट समजतं. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं असण्याला हरकत घेतली. लॅटिनमध्ये असं काय पवित्र आहे, आपल्या भाषेतली अक्षरं का नकोत, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यांचा कल संस्कृतकडे होता. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करताना संस्कृताळलेले, जुन्या तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेले शब्द मुद्दाम टाळले, कारण त्यांच्या तिथल्या 'मुक्ती' या आश्रमातल्या दुष्काळग्रस्त, अनाथ, विधवा बायकांना समजेल अशी साधी भाषा त्यांना हवी होती. १९२२ मध्ये मृत्यूपर्यंत त्या कामाला लागलेल्या होत्या. एकदा संस्कृतचा आग्रह, एकदा संस्कृतला नकार. उगम पाहणाऱ्याला हा गोंधळ वाटेल. समोर कोण आहे ते पाहिलं की त्यात एक सरळ रेषा दिसते: लॅटिनचा अधिकार गाजवणाऱ्यांपुढे त्या संस्कृत घेऊन उभ्या राहिल्या, आणि संस्कृतचा अधिकार ज्यांच्यावर गाजला त्यांच्यासाठी त्यांनी ते बाजूला ठेवलं. सत्यशोधक जलशांनीही तमाशाचा साचा असाच उचलला आणि त्यातून वेगळं बोलायला लावलं. साचा उलटवता येतो. ज्या घराण्याला रांगोळीच्या आधी अंगणाबाहेर काढलं गेलं, त्याच घराण्याच्या नातीने देवाच्या घराच्या दारात स्वतःच्या हाताने रांगोळी काढावी, यालाही एक अर्थ आहे. तो अर्थ काकांना मान्य होईल की नाही हे मला ठरवता येणार नाही. ते त्यांनी आणि त्या मुलींनी एकत्र बसून ठरवायचं आहे. त्या मुलींपैकी एक काकांचीच नात आहे.

इतकं सगळं झाल्यावर मला सर्वांत जास्त सलते ती वेगळीच गोष्ट. आम्ही ज्या 'जगा'ला घाबरतो ते दारातून येईल म्हणून फडकं घेऊन बसलो, आणि ते कधीचं आत येऊन बाकांवर बसलेलं आहे. मंडळीत लग्नाची स्थळं येतात तेव्हा 'मूळचे कोण' हे हळूच विचारलं जातं. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या, तरी महारांतून आलेल्या कुटुंबाची सोयरीक मांगांतून आलेल्या कुटुंबाशी जुळताना वडीलधाऱ्यांचे चेहरे पडतात. हे अन्यधर्मी रीत म्हणून कुणी पुसलं का? अमेरिकेत १८४५ मध्ये सदर्न बाप्टिस्टांची, म्हणजे दक्षिणेकडच्या बाप्टिस्ट मंडळ्यांची, संघटना वेगळी झाली ती गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी होता येईल का या वादातून. ते शास्त्र मानणारे, वधस्तंभाचा प्रचार करणारे, पश्चात्तापाची हाक देणारे लोक होते. त्यांनी चुकीची माफी मागितली १९९५ मध्ये. दीडशे वर्षं त्यांना आपली संस्कृती दिसली नाही, कारण ती त्यांना संस्कृती वाटतच नव्हती, ती त्यांना साधी रीतभात वाटत होती. आमची जात आम्हाला तशीच वाटते.

पोटाच्या प्रश्नांवरही आमचा हाच मौनाचा रिवाज. वागळे इस्टेटमधले कारखाने एकामागून एक बंद पडले तेव्हा माझ्या वडिलांचाही बंद पडला. त्या वर्षी मंडळीत प्रार्थना खूप झाल्या, कुणी भाजीही आणून दिली, ते मी विसरणार नाही. पण कामगाराची देणी बुडवणं हे पाप आहे, कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी जातं असं याकोबाच्या पत्रात लिहिलेलं आहे, हे वेदीवरून एकदाही वाचलं गेलं नाही. आज त्या जागांवर काचेच्या इमारती आहेत, आणि आमच्या मंडळीतली मुलं त्यांत ठेक्यावर काम करतात किंवा मोटारसायकलवरून जेवण पोचवतात. अमेरिकन ईश्वरविज्ञानी कार्ल हेन्री यांनी १९४७ मध्येच आपल्या सुवार्तावादी बांधवांना बजावलं होतं की आत्म्याच्या तारणाविषयी बोलता बोलता तुम्ही माणसाच्या दुःखाविषयी मुके झाला आहात. आधुनिक संस्कृतीशी सुवार्तेचा संवाद म्हणतात तो ड्रम वाजवावेत की मृदंग, एवढ्यावर संपत नाही. ठेक्यावरच्या त्या मुलाला रविवारी मंडळीत बसून सोमवारच्या कामाविषयी देवाचं काही ऐकायला मिळतं का, तिथे तो सुरू होतो.

मंडळीची सर्वसाधारण सभा नोव्हेंबरमध्ये आहे. रांगोळी चालणार की नाही यावर ठराव मांडायचं काहींनी ठरवलं आहे, आणि दोन्हीकडून सह्या गोळा होताहेत. मी कुठल्याच कागदावर सही केलेली नाही. विषयपत्रिकेसाठी माझी चिठ्ठी पाळकांकडे दिली आहे. पहिला विषय लिहिला आहे तो सोयरिकीत जात विचारण्याचा. दुसरा, मंडळीतल्या ठेक्यावरच्या कामगारांसाठी महिन्यातून एकदा वकिलाला बोलावण्याचा. तिसऱ्या विषयासाठी मी काकांना विनंती केली आहे की त्यांनी आजीची गोष्ट सर्वांसमोर, त्या मुली समोर बसलेल्या असताना, स्वतः सांगावी. ते अजून हो म्हणालेले नाहीत.